ब्लिसी संपता संपत नाही!

प्रश्न: पोकेमॉनच्या लढाईच्या गेममध्ये माझ्या संघात सहाही मारकुटे. काल माझ्या हायड्रायगनचा ड्रॅको मीटिअर हा स्पेशल हल्ला समोरच्या ब्लिसी या पोकेमॉनने आरामात झेलला, सॉफ्ट-बॉइल्ड या बरं होण्याच्या चालीने अर्धं रक्त परत भरलं. त्या हल्ल्याने माझाच स्पेशल अटॅक दर वेळी दोन पायऱ्या खाली! एकाच लढतीत 40 डाव (चाली) गेले, धाकटा भाऊ मागे खिदळतोय. आता मीही भिंती, म्हणजे असे मार झेलणारे पोकेमॉन, घेऊ का?

उत्तर: अरे, जाड बाजूलाच डोकं आपटतोयस. तिचा मूळ स्पेशल डिफेन्स 135, साधा डिफेन्स फक्त 10! तुझा गारचॉम्प राखून ठेव, अर्थक्वेक हाण, तो साध्या डिफेन्सवर बसतो.

उत्तर: नाहीतर टॉन्ट ही डिवचायची चाल लाव. 3 डाव सॉफ्ट-बॉइल्ड बंद.

उत्तर: मी स्वतः ब्लिसी वापरणारा. स्कार्लेट-व्हायोलेट या गेमपासून सॉफ्ट-बॉइल्डचे मूळ पीपी (चाल किती वेळा वापरता येते तो आकडा) 10 चे 5 केलेत, मोजत बस. आमचेही हाल आहेत रे.

प्रश्नकर्ता: गारचॉम्प पहिल्याच डावात गमावला होता. भावाला सांगू नका.