गॉगल लावला की दिवस उजाडते, असं नाही भाऊ

वर एकाने लिहिलंय की नाईट व्हिजन गॉगल लावला की रात्री दिवसासारखं दिसते. नाही ना भाऊ! आपल्या दोन डोळ्यांना आडवं जवळपास २०० अंश दिसते अन् पायलटच्या नेहमीच्या गॉगलमधून फक्त ४०, म्हणजे नळीतून पाहिल्यासारखं, म्हणून मान सारखी फिरवत राहा लागते, त्यात हेल्मेटच्या पुढे ते वजन लटकून राहिलं, म्हणूनच हेलिकॉप्टरवाल्यांच्या मानदुखीवर इतका रिसर्च झाला. हेल्मेटच्या मागे काउंटरवेट, म्हणजे तोलासाठी उलट बाजूला वजन, लावतात, तोल सुधरते पण एकूण वजन वाढतेच ना. चार ट्यूबवाला (ट्यूब म्हणजे उजेड वाढवणारी नळी) पॅनोरामिक, म्हणजे जास्त रुंद दिसणारा गॉगल, ९७ अंशांपर्यंत जाते, पण महाग अन् जड. अंतराचा अंदाज चुकते ते वेगळंच.

आता ज्यांनी विचारलं की नागपूरहून पेंचच्या जंगलाकडे रात्री जाताना असा गॉगल घेऊ का, त्यांना सांगतो: ट्यूब आहे तोच उजेड वाढवते, चांदण्यांचा का होईना, पण मिट्ट काळोखात ती काय वाढवणार? थर्मल वेगळं, ते उष्णता पाहते. ऑनलाइन स्वस्तात मिळते ते बहुतेक साधा डिजिटल कॅमेरा अन् डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लाइट असते (त्यालाही हे लोक 'मिलिटरी ग्रेड' म्हणून विकून राहिले). घ्याच असेल तर आधी जंगलाच्या गेटवर विचारा, चालते का म्हणून.