बांबू तोडाईची मजुरी नगावर की रोजावर? मदत हवी आहे

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. सामूहिक वनहक्क मिळालाय, बांबू ग्रामसभाच तोडून विकते. (आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं, त्या वाटेनेच आम्हीही गेलो. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात येतो, त्यामुळे मालकीचा वाद नाही.) अडलंय ते मजुरीवर.

पहिल्या वर्षी नगावर दर दिला. तगडी पोरं रोजगार हमीच्या मजुरीच्या दुप्पट कमवू लागली, पण रांजीच्या (बांबूच्या बेटाच्या) कडेचे सरळ बांबू तेवढे कापले, आतले गुंतलेले तसेच. वर्षाच्या आतला कोवळाही गेला. एका रांजीत मी स्वतः मोजले, कमरेएवढ्या उंचीवर कापलेले नऊ खुंट. बायका आणि वयस्कर माणसं मागे पडली ती वेगळीच.

दुसऱ्या वर्षी रोज लावला. रांज्या स्वच्छ निघाल्या, पण माल निम्म्यावर. व्यापारी कुरकुरला आणि तीच पोरं तेलंगणात मिरची तोडायला गेली.

ठेकेदाराला काम द्यायचं नाही, हे ग्रामसभेत ठरलंय. मजुरी बँकेतच जमा होते, उचल देण्याइतकी शिल्लक नाही. तोडाईचे नियम माहीत आहेत, ते सांगू नका. पाळून कसे घ्यायचे तेवढं सांगा.

ज्यांच्या ग्रामसभेने थोडा रोज आणि थोडा नगावर असा मिश्र दर लावलाय, त्यांनी रांजीसफाईचे पैसे वेगळे धरले की नगाच्या दरातच? आणि खुंट तपासल्याशिवाय पैसे नाहीत, हे आपल्याच भावकीला सांगायचं काम कोणाकडे दिलं?