मदत हवी आहे: क्युन्योच्या वाफेच्या गाडीची चालती प्रतिकृती, रॅचेट कसे बसवावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेतली आठवीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी निकोला-जोसेफ क्युन्योच्या वाफेच्या गाडीची प्रतिकृती करताहेत. मोटारीचा इतिहास बहुतेक जण कार्ल बेन्झच्या १८८६ च्या पेट्रोल गाडीपासून सुरू करतात. त्याआधी शंभरहून जास्त वर्षं, १७६९-७० मध्ये, या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने तोफा ओढायला घोड्यांऐवजी वाफ लावून पाहिली होती. १७७० ची मोठी गाडी पॅरिसच्या म्युझे देझार ए मेतिए या संग्रहालयात आजही आहे. तिचे फोटो पाहिले आणि मुलं हीच करायची म्हणून हटून बसली.

गाडी तीनचाकी, पण सगळी यंत्रणा एकट्या पुढच्या चाकावर. भलामोठा बॉयलर चाकाच्याही पुढे लटकलेला, त्याच्यामागे दोन उभे सिलिंडर. एक दट्ट्या खाली गेला की दुसरा वर येतो, आणि दोघे आळीपाळीने रॅचेटने (एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक आणि खटका) चाक पुढे रेटतात. दट्ट्याची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा क्रँक नाहीच! जेम्स वॉटचं चाक फिरवणारं इंजिन यायच्या आधीची ही युक्ती आहे. प्रतिकृतीत ती दिसलीच पाहिजे. आत मोटर लपवून चाक फिरवलं तर मुलं शिकणार काय?

वाफेचा धोका नको म्हणून सिलिंडरच्या जागी सिरिंज आहेत. नळ्यांत पाणी भरून मुलं दुसऱ्या टोकाच्या सिरिंज दाबतात. रॅचेट म्हणून सायकलची दोन फ्रीव्हील घेतली. चाकाच्या दोन बाजूंना एकेक लावलं की दुसरं उलट्या तोंडाने बसतं आणि चाक मागे ओढतं. दोन्ही एकाच बाजूला, एकाच आसावर पक्की कशी करावीत? वेल्डिंग केलं तर आतले खटके उष्णतेने खराब होतील का? की वन-वे बेअरिंग वापरावं?

दुसरी अडचण वळवण्याची. मूळ गाडीत बॉयलर आणि इंजिन चाकाबरोबरच वळतात, आमच्या नळ्यांना मात्र पीळ पडतो. शिवाय पुढे इतका भार की रिकामी गाडी नाकावर येते. मागे तोफेच्या जागी वजन ठेवणार आहोत, ते अंदाजे किती असावं?

क्युन्योची गाडी भिंतीवर आदळल्याची प्रसिद्ध गोष्ट फलकावर घालणार नाही, तिला भक्कम पुरावा नाही.

पॅरिसला असणाऱ्या कुणी चालकाच्या बैठकीपुढच्या दांड्याचे आणि दातेरी चाकांचे जवळून काढलेले फोटो इथे टाकले तर मुलांचं मोठं काम होईल.