बोलावं की गप्प बसावं? नोकरीतले तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यातली बैठक. अहवालातला एक आकडा चुकला होता. चूक वरून आलेल्या माहितीतच होती, पण बोलणी खाल्ली ती टीममधल्या सगळ्यात नव्या मुलानं. मूळ मेल माझ्यासमोर उघडा होता. मी तो मिटला आणि गप्प बसलो. रात्री नेहमीसारखे देवापुढे हात जोडले, तर काय मागावं तेच सुचेना.

कामाच्या ठिकाणी कधी बोलायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवताना तुमची श्रद्धा तुम्हाला काय सांगते? धर्म कुठलाही असो. उपदेश नको, घडलेलं सांगा.

*

मी हिशेब बघते. महिनाअखेर होती. माल अजून गोदामातच, आणि बिलं मात्र याच महिन्याच्या तारखेनं टाका, असा निरोप आला. म्हणजे न झालेली विक्री झालेली दाखवायची. तारखेच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता आणि माझी बोटं चालेनात. आजूबाजूचे म्हणाले, "अगं, सगळीकडे असंच चालतं." आजीच्या तोंडी तुकोबांची एक ओळ कायम असायची: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता." लहानपणी नुसती पाठ केलेली ओळ त्या दिवशी कळली.

केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं. आरोप केला नाही. गोदामाची नोंद आणि बिलांची यादी शेजारी-शेजारी ठेवली आणि म्हटलं, "सर, यावर मला सही करता येणार नाही." ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. बिलं पुढच्या महिन्यात गेली. बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तसाच प्रसंग आला तर पुन्हा त्याच केबिनचं दार लावून घेईन.

*

दार लावून बोलण्याबद्दल. आम्हा ख्रिस्ती लोकांना मत्तयाच्या १८व्या अध्यायात हेच सांगितलंय: भावाचं चुकलं तर आधी एकांतात त्याला दाखव. त्यानं ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, चर्चच्या मंडळीपुढे नंतर. मी ते पाळते. पण मी नर्स आहे, आणि प्रत्येक वेळी एकांत शोधायला वेळ नसतो. एकदा कागदावर .५ मिलिग्रॅम लिहिलं होतं, आधीचं शून्य नव्हतं. टिंब पुसट, म्हणून दुसरीनं ५ वाचलं आणि सिरिंज भरली. दहापट! मी सगळ्यांसमोर, रुग्णासमोर, "थांब" म्हटलं. ती दुखावली. त्या दिवशी संध्याकाळी एकांतात माफी मागितली, ओरडल्याची. थांबवल्याची नाही.

*

मी कारखान्यात सुपरवायझर. हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन: वाईट दिसलं तर हातानं बदला, ते जमलं नाही तर जिभेनं, तेही नाही जमलं तर निदान मनानं वाईट माना, आणि हे ईमानाचं, म्हणजे श्रद्धेचं, सगळ्यात कमजोर रूप. प्रेस मशीनच्या गार्डचा, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या झाकणाचा, स्विच कुणीतरी तार बांधून कायमचा दाबून ठेवला होता. गार्ड उघडा असला तरी मशीन चालावं, दोन पीस जास्त निघावेत म्हणून. मला तिथं अधिकार होता, म्हणून मशीन बंद केलं, तार कापली आणि मग वर कळवलं. पण याच कारखान्यात मी हेल्पर असताना अशीच तार रोज बघायचो आणि फक्त मनात चरफडायचो. तेव्हा घरात कमावणारा मी एकटा होतो. त्या वर्षांचा हिशेब अल्लाहकडे आहे, तो मी कुणाला देऊ शकत नाही.

*

मी उलट चुकलो. खरं होतं ते बोललो, पण रागानं, सगळ्यांदेखत. सहकारी नंतर महिनाभर नजर टाळायचा. गीतेच्या १७व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं. मी त्यातलं "सत्य" तेवढं उचललं होतं.

*

माझ्या वरिष्ठांनी हाच श्लोक मला ऐकवला होता, मी त्रासाची तक्रार केली तेव्हा. "गोड बोलायला शीक." ज्याला झळ बसते त्यालाच गोड बोलायला सांगू नका हो. द्यूतसभेत भीष्मांसारखे मोठे होते, आणि द्रौपदीच्या बाजूनं उठून बोलला तो कौरवांतला विकर्ण, वयानं लहान. मला तो एक विकर्ण तेव्हा हवा होता.

*

धागा काढणारा मीच. विकर्णाचं वाचून थांबलो. मेल अजून माझ्याकडे आहे. उद्या सकाळी आधी त्या मुलाकडे जातो, त्याला विचारतो की हे वर नेलेलं त्याला चालेल का. मग साहेबांकडे.