‘ब्लॅक पर्ल’चे आकडे ४० फुटी यॉटला लावू नका

तांडेल: “ब्लॅक पर्ल शिडांवर धावताना प्रॉपेलरमधून वीज बनवते, बटण दाबलं की शिडं उघडतात. मग ४० फुटी यॉटवर डिझेल कशाला?” या पोस्टने डोकं फिरलं. ती बोट १०६.७ मीटरची, शिडं सुमारे २,९०० चौरस मीटर! ४० फुटीला शांत पाण्यात ५ नॉटसाठी (ताशी ५ सागरी मैल) साधारण ५ किलोवॅट लागतात. १५ युनिटच्या बॅटरीतली १२ वापरायची, म्हणजे जेमतेम १२ सागरी मैल. समोरून वारा आणि लाट असली की त्याच्या निम्मे. वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना एवढ्यावर विसंबणार?

भरती_ओहोटी: ५ नॉटचा हट्ट सोडा. शक्ती वेगाच्या साधारण घनात बदलते. ४ नॉटला अडीच किलोवॅट, म्हणजे १९ मैल. बंदरात आत-बाहेर करायला भरपूर. शिवाय शिडांवर धावताना ६ नॉटला प्रॉपेलरमधून २५० वॅट मिळतात धरा, दिवसाला ६ युनिट. फ्रिज, ऑटोपायलट, दिवे यात भागतात.

तांडेल: घरखर्च भागतो, मान्य. पण तोच घन उलटाही लागतो. ४ नॉटला २५० चे ७५ वॅट होतात. मंद वाऱ्यात, नेमकी मोटर लागते तेव्हा, हाती काही नाही. आणि बॅटरी काठोकाठ भरून बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेने) जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून मोटरचा कंट्रोलर जळतो. ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आधी करा.

उभी_काठी: प्रॉपेलर पुरे. शिडांचं कोण बोलणार? मास्टमध्ये (डोलकाठीत) गुंडाळायचं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, अडकतं ते ढिल्या गुंडाळीमुळे, नाहीतर ताणून पोट सुटलेल्या कापडामुळे. आत घेताना शिडातला वारा काढा, पण फडफडू देऊ नका. बूमची (शिडाखालच्या आडव्या दांडीची) उंची ठरलेली ठेवा, आउटहॉल (शीड मागे ओढणारी दोरी) थोडा ताणातच सोडा. शीड मास्टच्या खाचेच्या कडेला घासणार नाही तो टॅक (वारा कोणत्या बाजूने घ्यायचा ते) धरा. बहुतेक मास्टवर स्टारबोर्ड, म्हणजे वारा उजवीकडून. विंचचं (दोरी ओढायच्या चरखीचं) हँडल जड झालं की हात थांबतो, विंचची मोटर मात्र ओढत राहते आणि घडी आणखी रुतते.

भरती_ओहोटी: मग ‘माल्टीज फाल्कन’ या मोठ्या यॉटचं काय? २००६ पासून १५ शिडं, सगळी सहा मिनिटांत उघडतात!

उभी_काठी: तिथे बूमच नाही हो! अख्खी काठी फिरते, शीड वर-खाली दोन यार्डांच्या (आडव्या दांड्यांच्या) रुळांत धरलेलं असतं. तुमच्या मेनसेलचा मोकळा लीच (मागची कड) कोण धरणार?

तांडेल: आणि १२ व्होल्टवर १,५०० वॅटची विंच लावणाऱ्यांनी केबल मोजा. १२५ अँपिअर, जाऊन-येऊन २० मीटर. ३५ चौरस मिमी तारेत सव्वा व्होल्ट गळतो. मग विंच ऐन वाऱ्याच्या झोतात मंदावते.

भरती_ओहोटी: म्हणूनच ४८ व्होल्ट म्हणतोय मी! ३१ अँपिअर, १६ चौरस मिमीत दीड टक्काही गळत नाही. बोट चालवायला इलेक्ट्रिक मोटर बसवली की ही ४८ व्होल्टची बॅटरी-बँक आपोआप येते.

तांडेल: विंचपुरतं बरोबर आहे तुमचं. डिझेल मी तरीही काढणार नाही.

उभी_काठी: काढा वा ठेवा, विंचचं हँडल कॉकपिटमध्ये हाताशी ठेवा. अडकलेलं शीड आधी थोडं उलटं फिरवून सैल करा, मग हातानेच आत घ्या.