रेल्वे आली, हायवे येतोय, आणि आंब्याचा दर अजून टेम्पो गेल्यावरच कळतो

सड्यावरचा:
परवा देवगडला चुलत्यांच्या बागेत होतो. पाच डझनी पेट्या भरून झाल्या, वर गवत घातलं, खिळे ठोकले, संध्याकाळी सहाला टेम्पो वाशीला निघाला. दर किती? तो दुसऱ्या दिवशी दलालाच्या फोनवर कळणार. आधी माल द्यायचा, मग किंमत विचारायची.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर धावली. ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे. कौतुक आहेच. पण १९९९ पासूनची ट्रकांची रो-रो बघा. कोलाडला ट्रक वाघिणीवर चढतो तो थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतो. मधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वाट्याला काय, तर इंजिनाची शिट्टी. माझं म्हणणं एवढंच, की कोकण ओलांडायला सरकारकडे पैसा असतो, कोकणात थांबायला नसतो.

(रिफायनरीचा विषय कृपया काढू नका, धागा तिथेच पेटेल आणि आंबा बाजूला राहील.)

डोंबिवलीचा चाकरमानी:
अहो, १९९८ आधीचा प्रवास विसरलात वाटतं. गणपतीला रात्रभर एसटी, कशेडी घाटात ओकाऱ्या, सकाळी अर्धमेले होऊन घरी. रेल्वे आली म्हणून आम्ही वर्षातून चार खेपा घालतो, गावात घर बांधतो, गवंड्याला आणि चिरेवाल्याला पैसे देतो. तारकर्लीची न्याहारी निवासं कोणाच्या जिवावर चालतात? थांबायचं नंतर बघू, आधी पोचू तरी द्या. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. या वर्षांत टायरं, डिझेल आणि माणसं किती गेली, ते धरा की हिशेबात.

उरणकर:
दोघांनाही एक विचारतो. न्हावाशेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. देशाच्या कंटेनर व्यापारात त्याचा वाटा केवढा मोठा आहे, ते सांगायला नको. आमच्या खाजणात भात आणि मीठ पिकायचं, तिथे आता कंटेनर यार्ड आहेत. वाढ झाली का? झालीच. पण आमच्यापर्यंत ती आपसूक नाही पोचली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. त्या भूखंडांसाठी पुढे किती वर्षं चपला झिजवल्या ते वेगळंच. कंत्राट निघतानाच स्थानिकाचा हिस्सा लिहून घ्या. बंदर झाल्यावर कोण कोणाला ओळखतो?

माडाखालचो:
आमच्या वाडीत टॉवर उभो रवलो, फीत कापली, फोटो पण काढले. रेंज खंय? फणसाच्या झाडावर चढलो की दोन काड्या.

लांज्याची सून:
माझं उलट आहे. फायबर आल्यापासून मी सासरी राहून पुण्याच्या कंपनीचं काम करते. पगार इथे खर्च होतो, दुधापासून रिक्षापर्यंत. थांबायचा पैसा म्हणतात तो हाच ना, सड्यावरचे? खरी अडचण विजेची आहे. जूनचा पहिला वारा सुटला की माडाचं झावळं तारेवर पडतं आणि अख्खा फिडर, म्हणजे भागाची वीजवाहिनी, बसतो. मग इन्व्हर्टर, त्यानंतर मोबाईलचा हॉटस्पॉट, शेवटी साहेबांची माफी. तौक्ते वादळाच्या वेळी तर कित्येक दिवस अंधार होता. वायर जमिनीखाली घाला, बाकीचं आम्ही बघू.

सड्यावरचा:
वहिनी, हे पटलं. फायबरचा विचार मी केला नव्हता. पण आंब्याचं काय? तालुक्याला एक शीतगृह असतं तर चुलते चार दिवस माल धरून दर बघू शकले असते.

डोंबिवलीचा चाकरमानी:
आणि उरलेले नऊ महिने त्या शीतगृहात काय ठेवायचं? आमच्या तालुक्यात उभारलेलं एक बंदच पडलं. वीजबिल बारा महिन्यांचं, माल अडीच महिन्यांचा. मासळी ठेवा म्हणाल, तर हापूसला तेरा अंशाच्या आसपास लागतं, त्याखाली गेला की साल काळी पडते आणि नीट पिकत नाही. गोठवलेल्या मासळीला उणे अठरा. वेगळ्या खोल्या, वेगळी यंत्रं. शिवाय बांगड्याच्या वासाचा हापूस वाशीत घेणार कोण?

सड्यावरचा:
काजूगर, आमसुलं, फणसाचे गरे, हे का नाही धरत तुम्ही? खोल्या वेगळ्या करायला खर्च येतो हे मान्य, पण घाटातल्या एका वळणावर जेवढा ओतला त्याच्यापुढे तो किती?

थांबा, चुलत्यांचा फोन आला.

दर आला. परवा दलाल अंदाजे बोलला होता त्याहून कमी, आणि दर पेटीमागे दोन फळं डागी धरलीत. टेम्पोचं भाडं मात्र पूर्ण.