वार्ताहरासमोर गडबडणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रवक्ते म्हणून कसे तयार करावे?

प्रश्न : संवाद_विभाग
आमच्या कंपनीने माध्यमांशी बोलण्यासाठी तीन अधिकारी नेमले आहेत. तिघेही आपापल्या विषयात मुरलेले आहेत. परंतु वार्ताहराने माइक पुढे केला की एक जण प्रसिद्धीपत्रक वाचल्यासारखे बोलू लागतात, दुसरे इतका तपशील देतात की मूळ मुद्दाच हरवतो आणि तिसऱ्या बाई टोकदार प्रश्न आला की लगेच वाद घालतात. एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्यात ‘तीन मुद्दे पाठ करा आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्याकडे वळवा’ असे शिकवले गेले, आणि तेव्हापासून तिघेही तीच वाक्ये घोळवत आहेत. आत्मविश्वास वाढावा पण पोपटपंची होऊ नये, यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर : माजी_वार्ताहर
मुद्द्याकडे वळण्यात गैर काही नाही, पण आधी विचारलेल्याचे उत्तर द्यावे लागते, निदान ते का देता येत नाही हे तरी सांगावे लागते. जून २०११ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे तत्कालीन नेते एड मिलिबँड यांनी संपाविषयीच्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत निरनिराळ्या प्रश्नांना जवळपास शब्दशः एकच उत्तर दिले. बातमीत एकच बाइट, म्हणजे मुलाखतीतला छोटा तुकडा, वापरली जाणार असा हिशेब अशा उत्तरांमागे असतो; परंतु संपूर्ण चित्रीकरण इंटरनेटवर पसरले आणि संप बाजूला राहून त्या पुनरावृत्तीचीच चर्चा झाली.

आमच्या बाजूची दोन हत्यारेही त्यांना दाखवून ठेवा. पहिले म्हणजे शांतता. उत्तर संपल्यावर वार्ताहर काही न बोलता नुसता पाहत राहतो, आणि समोरचा माणूस अवघडून एक वाक्य जास्तीचे बोलतो. बातमी बहुधा त्याच वाक्याची होते. दुसरे म्हणजे प्रश्नातला शब्द. ‘ही ग्राहकांची फसवणूक नाही का?’ याला ‘नाही, ही फसवणूक नाही’ असे उत्तर दिले, की मथळ्यात ‘फसवणूक’ हा शब्द प्रवक्त्याच्या तोंडी येतो. प्रत्यक्षात काय घडले ते आपल्या शब्दांत सांगितले, तर तो येत नाही.

उत्तर : सराव_प्रशिक्षक
व्याख्यानाचा वेळ कमी करून तो सरावाच्या मुलाखतींना द्या. प्रश्न जनसंपर्क विभागाने काढू नयेत, कारण तो नकळत सोपे प्रश्न काढतो. तक्रार निवारण विभागाकडून घ्या. प्रत्येक मुलाखत चित्रित करून लगेच दाखवा, आणि एका वेळी एकच दोष सुधारा, नाहीतर माणूस स्वतःकडेच पाहत बसतो आणि प्रश्न ऐकतच नाही. परिस्थितीही खरी हवी : उभे राहून, चहूबाजूंनी माइक पुढे आलेले असताना बोलणे वेगळे आणि ऑनलाइन मुलाखतीत पडद्यावरच्या चेहऱ्याऐवजी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहून बोलणे वेगळे. ‘मुलाखत संपली’ असे म्हटल्यावरही माइक चालू ठेवून गप्पा मारा. बहुतेक जण तिथेच सापडतात.

तपशिलात शिरणाऱ्या गृहस्थांना निष्कर्ष पहिल्या वाक्यात सांगण्याचा नियम घालून द्या. पत्रक वाचणाऱ्यांच्या हातात कागदच देऊ नका. आकडे लागलेच, तर एका चिठ्ठीवर तेवढेच असावेत.

उत्तर : धोरण_निरीक्षक
वरील सूचना उपयुक्त आहेत, परंतु दोष नेहमी प्रवक्त्यातच शोधला जातो, हे मला पटत नाही. काय बोलण्याची मुभा आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो अडखळणारच. कायदा विभाग आणि व्यवस्थापन यांनी आधी एकत्र बसून काय उघड करायचे आणि काय नाही हे ठरवले पाहिजे, आणि ‘ही माहिती आता माझ्याकडे नाही, मिळताच कळवतो’ असे म्हणण्याची परवानगी स्पष्टपणे दिली पाहिजे. मात्र नंतर खरोखर कळवावे लागते.

माहिती अपुरी असतानाही बोलता येते. जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडमधील केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीचे विमान कोसळून ४७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मायकेल बिशप यांनी कारण स्पष्ट होण्याची वाट न पाहता माध्यमांशी बोलण्यास सुरुवात केली. याउलट, २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरीवरच्या स्फोटात अकरा कामगार दगावल्यानंतर बीपी या तेल कंपनीचे तत्कालीन प्रमुख टोनी हेवर्ड दिलगिरी व्यक्त करता करता ‘मला माझे आयुष्य परत हवे आहे’ असे बोलून गेले आणि त्यांना पुन्हा माफी मागावी लागली. अनुभव त्यांच्याकडेही होता. हे आपले बोलणे मृतांचे नातेवाईकही ऐकत आहेत, याचे भान त्या क्षणी सुटले.

संवाद_विभाग
सर्वांचे आभार. वाद घालणाऱ्या बाईंबद्दल कोणी सांगू शकेल का? त्यांचे म्हणणे बहुधा बरोबर असते, हीच अडचण आहे.

सराव_प्रशिक्षक
मग त्यांना गप्प करू नका. प्रश्न संपेपर्यंत थांबणे, चुकीचे गृहीतक एकाच वाक्यात दुरुस्त करणे आणि त्याच दमात पुढची माहिती देणे, एवढाच क्रम त्यांच्याकडून घोटून घ्या. सरावात प्रश्नकर्त्याने त्यांना मुद्दाम मध्येच तोडावे, आणि चित्रीकरण पाहताना आपला आवाज नेमका कुठे चढला ते त्यांनाच शोधू द्यावे. आठवडाभराच्या अंतराने हे दोन-तीनदा झाल्याशिवाय त्यांना थेट प्रक्षेपणाला पाठवू नका. तोवर छापील माध्यमांच्या मुलाखती त्यांच्याकडे सोपवायला हरकत नाही.